गॅस संपला म्हणजे काय संपलं?

श्रोतेहो, नमस्कार.

‘गॅस संपला’ म्हटलं की आपल्याला सिलिंडर आठवतो. अमेरिकेत हेच गाडी चालवणारा म्हणतो, कारण तिथला गॅस म्हणजे गॅसोलीन, आपलं पेट्रोल. ब्रिटनमध्ये पेट्रोलला पेट्रोलच म्हणतात, आणि गॅस शेगडीचा. हा घोळ लगेच ध्यानात येतो. पॅराफिनचा येत नाही.

ब्रिटनमधलं पॅराफिन म्हणजे आपलं रॉकेल. अमेरिकेत त्याला केरोसीन म्हणतात. तिथे कंदिलासाठी पॅराफिन मागितलंत तर मेणाची वडीही हातात पडू शकते. गंमत म्हणजे केरोसीन हे नावही मेणावरूनच आलेलं आहे. अब्राहम गेस्नर यांनी ते १८५४ मध्ये मेणासाठीच्या ग्रीक शब्दावरून घडवलं. आणि आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळतं ते लिक्विड पॅराफिन बद्धकोष्ठावरचं, शुद्ध केलेलं तेल. नाव सारखं म्हणून रॉकेल कधीही पोटात घेऊ नका.

आकडेही फसवतात. ब्रिटनमधल्या साध्या पेट्रोलवर ९५ लिहिलेलं असतं, अमेरिकेत ८७. हा आकडा ऑक्टेनचा, म्हणजे पेट्रोल इंजिनात अवेळी पेटून ठोके न देण्याच्या क्षमतेचा. तो मोजायची रीतच वेगळी: चाचण्या दोन, सौम्य परिस्थितीतली ‘रॉन’ आणि कडक परिस्थितीतली ‘मॉन’. ब्रिटनमध्ये फक्त ‘रॉन’ धरतात, अमेरिकेत दोन्हींची सरासरी. गाडीच्या पुस्तिकेत ९५ रॉन असेल, तर अमेरिकेत साधारण ९१ चं भरायचं. गॅलन ब्रिटनचा ४.५५ लिटर, अमेरिकेचा ३.७९. म्हणून अमेरिकेतल्या गॅलनला ३० मैल म्हणजे ब्रिटनच्या गॅलनला ३६ होतात, गाडी तीच.

सगळ्यात जपायचं ते पंपावर. ब्रिटनमध्ये हिरवी नळी पेट्रोलची, काळी डिझेलची. अमेरिकेत बऱ्याच पंपांवर हिरवी मूठ डिझेलची असते. तेव्हा रंगावर जाऊ नका, अक्षरं वाचा. पेट्रोलच्या नळीचं तोंड बारीक असतं, ते डिझेल गाडीच्या टाकीत सहज शिरतं. उलट चूक सहसा अडते.

तरीही डिझेलच्या टाकीत पेट्रोल गेलंच, तर किल्ली फिरवू नका. इंजिन चालू केलं नाही, तरी नुसत्या किल्लीने बऱ्याच गाड्यांत टाकीतला पंप सुरू होतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो. जास्त दाबाच्या पंपाला वंगण मिळतं ते डिझेलचंच. पेट्रोलमध्ये ते नसल्याने धातू धातूवर घासतो आणि त्याचा कीस इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरमध्ये जाऊन बसतो. गाडी न्यूट्रलला टाका, ढकलून बाजूला घ्या, पंपावरच्या माणसाला सांगा आणि टाकी रिकामी करून घ्या.