युफोरिया नेमका कधी म्हणायचा?

नमस्कार मंडळी. युफोरिया हा शब्द आता मराठीतही सर्रास येतो, मॅच जिंकली की युफोरिया, सेन्सेक्स चढला की युफोरिया. मला हा शब्द फार आवडतो, म्हणूनच तो कुठेही वापरून गुळगुळीत होऊ नये असं वाटतं.

मूळ ग्रीक. यू म्हणजे चांगलं आणि फेरेन म्हणजे वाहणं, सोसणं. इंग्रजीत तो आला डॉक्टरांकडून, आजारी माणसाला जरा हुशारी वाटायला लागली की ती युफोरिया. पुढे अर्थ सरकला आणि तसं काही घडलेलं नसताना, किंवा घडलंय त्याच्या कितीतरी पट जास्त आनंद उचंबळून येतो त्या अवस्थेला हा शब्द चिकटला. मॉर्फिन, स्टेरॉइड दिल्यावर किंवा बायपोलर या मानसिक आजाराच्या मेनियात, म्हणजे अति उत्साहाच्या टप्प्यात, पेशंट असा दिसला तर डॉक्टर आजही हाच शब्द लिहितात, लक्ष ठेवायला हवं म्हणून.

आता एक खरी गोष्ट ऐका. 15 एप्रिल 1875, पॅरिसहून झेनिथ नावाचा बलून निघाला, आत तिसांदिए, क्रोसे-स्पिनेली आणि सिवेल हे तिघे. ऑक्सिजनच्या पिशव्या सोबत होत्या, अगदी हाताशी. पण आठ हजार मीटरच्या आसपास तिसांदिएला नळी तोंडाला लावायची होती तर हातच उचलेना, बोलायला गेला तर जीभ हलेना, आणि एवढं होऊन त्याला भीती वाटली का, तर नाही! त्याने नंतर लिहून ठेवलंय की त्रास काहीच होत नाही, उलट आतून आनंद होतो, वर चाललोय याचंच सुख वाटतं, धोक्याचा विचारही येत नाही. तो शुद्धीवर आला तेव्हा बाकीचे दोघे गेलेले होते. मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की असं होऊ शकतं, म्हणून वैमानिकांना जमिनीवरच कमी दाबाच्या चेंबरमध्ये बसवून ही लक्षणं ओळखायला शिकवतात.

पण प्रत्येक युफोरिया घातक असतो असं अजिबात नाही हं. लांब पल्ल्याचं धावणाऱ्यांना मध्येच कधीतरी पाय हलके होऊन जी मस्ती चढते, रनर्स हाय म्हणतात ती, तीही युफोरियाच. बरीच वर्षं त्याचं श्रेय एंडॉर्फिन या शरीरात तयार होणाऱ्या रसायनाला दिलं जायचं, आता संशोधकांचं लक्ष ॲनंडामाइड या शरीरातल्याच दुसऱ्या रसायनाकडे जास्त आहे. राफाएल मेशुलाम यांच्या जेरुसलेमच्या लॅबने ते 1992 मध्ये शोधलं आणि नाव ठेवलं आपल्या संस्कृत आनंदावरून, मला तर हे वाचून काय भारी वाटलं!

तेव्हा नोकरी लागली, घर झालं, तर आनंद झाला म्हणा, खूप आनंद झाला म्हणा, तेवढं पुरतं. पण 2 एप्रिल 2011 च्या रात्री धोनीच्या सिक्सनंतर लोक रस्त्यावर येऊन अनोळखी माणसांना मिठ्या मारत होते ना, तिथे बिनधास्त युफोरिया म्हणा.