जुना पाइप ऑनलाइन घेताय? चकचकीत नको, घाणेरडा घ्या

नमस्कार मंडळी. डिचोलीत सकाळपासून पाऊस कोसळतोय. पत्र्याचा आवाज येणारच, सांभाळून घ्या.

गेल्या व्हिडिओत मागच्या फळीवर माझे तंबाखू ओढायचे सहा-सात पाइप दिसले आणि कमेंटमध्ये तेच सुरू झालं. "दादा, मीपण ऑनलाइन जुना पाइप मागवलाय, बरा आहे की फसलो?" सोबत फोटो. फोटो कसा, तर पाइप बाजूने, खाली मखमल, वर छान उजेड. स्थळ बघायला आलोय का आपण? मला आतला फोटो पाठवा. वरून, टॉर्च मारून, तळ दिसेल असा.

एक सांगून टाकतो. मी ओढत नाही, जमवतो. आमच्या वाड्यावर एक तारवटी होते, आयुष्यभर बोटीवर नोकरी केलेले. त्यांनी जाताना एक पाइप मला दिला, तिथून हे वेड. आणि "पाइपचा धूर छातीत घेत नाहीत, म्हणून चालतो" असं लिहिणारे जे आहेत त्यांना, नाही चालत. तोंडाचा कॅन्सर छातीपर्यंत जायची वाट बघत नाही. झालं, पुढे.

सोपं पटापट उरकतो. स्टेम, म्हणजे तोंडात धरायचा भाग, पिवळट-हिरवट झालाय? तो व्हल्कनाइट. शाईपेनाच्या जिभेला जे एबोनाइट असतं तेच. ऊन आणि दमट हवेने त्यातलं गंधक वर येतं. बारीक पॉलिश पेपरने घासलं की जातं, घाबरू नका. ॲक्रिलिक असेल तर पिवळं पडणारच नाही. दातांचे खड्डे चालतील, आरपार भोक नको. स्टेम अडकलाय तर पिळू नका, अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा, मग हळूच. स्टेम जिथे शिरतो तिथे लाकडी दांडीला केसासारखी चीर आहे का बघा. तिथे पितळी कडं असेल तर विचारा, कंपनीचं की नंतर चीर झाकायला बसवलेलं.

आता मुद्दा. बाऊल, म्हणजे तंबाखू भरायची वाटी, तिच्या आतला काळा थर.

पाइप बहुतेकदा ब्रायरचा असतो. भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाची गाठ ती, आगीला सहजी दाद देत नाही. वापरता वापरता आत कोळशाचा थर बसतो, त्याला केक म्हणतात. एक रुपयाच्या नाण्याएवढा जाड असेल तर तो लाकडाला सांभाळतो. फार जाड झाला तर तापून फुगतो आणि बाऊल तडकतो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे.

पण विकणारे आता काय करतात? आत लाकूड जळून खड्डा पडलाय. मग कोळशाची पूड घ्यायची, दह्यात कालवायची आणि आतून लिंपायची. हो, दही! वाळलं की आत काळं, सुंदर, एकसारखं. वर लिहायचं, "पूर्ण दुरुस्त केलेला". नव्या पाइपला कारखान्यातूनच आत लेप येतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. जुन्या पाइपात लेप दिसला की माझं डोकं फिरतं. आपण चवथीआधी ओल आलेल्या भिंतीवर रंग मारतो ना? पाहुणे येऊन जाईपर्यंत छान. दिवाळीला पोपडे.

मी स्वतः फसलोय. बावीसशे रुपये. आतून नव्या तव्यासारखा काळा. काडीने टोचलं तर काडी आत गेली. विक्रेत्याला लिहिलं, तर उत्तर, "शोभेची वस्तू म्हणून विकलाय." लिस्टिंगच्या अगदी तळाशी तसं लिहिलंही होतं. वाचलं कोणी?

म्हणून पुन्हा सांगतो, आधी डोळ्यांनी. खरा केक खडबडीत असतो, एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ. लेप कसा, ब्रशने फिरवल्यासारखा सगळीकडे सारखा, धुराच्या भोकाच्या कडेवरसुद्धा.

मग तोच बाऊल बाहेरून बघा. दिवसाच्या उजेडात, खिडकीशी, तिरका धरून. आत जळालं असेल तर बाहेर त्याच जागी काळसर डाग उमटतो, बहुतेकदा तळाजवळ, कधी पॉलिशला फोड. आतून लिंपणारा बाहेरून विसरतो. म्हणून फोटो चारही बाजूंनी मागा.

आणि पार्सल घरी आलं की काडी. बांबूची, बोथट. थर थोडा खरवडून हलकेच टोचा. चांगलं लाकूड टणक लागतं. जळालेलं चुलीतल्या लाकडासारखं भुसभुशीत, काडीला काळं लागतं आणि खड्डा पडतो. वाळवी लागलेल्या वाशावर बोट दाबून बघतो ना आपण, तसंच.

एकाने विचारलंय, "आतला वास घालवायला मीठ आणि फेणी चालेल का?" बाबा रे! जाडं मीठ बरोबर आहे, आपल्या आगरातलं घे. पण वर कडक स्पिरिट लागतं. फेणीत निम्म्याहून जास्त पाणी. लाकूड फुगेल, आणि जुन्या तंबाखूचा वास जाऊन काजूचा बसेल तो बसेलच. 2009 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू पाइप धुवायला वापरू नका, प्या नाहीतर पाहुण्यांना द्या. मिठाचा प्रयोगही बाऊलपुरता. दांडीत मीठ शिरलं तर ती तडकू शकते.

आणि पावसात आलेलं पार्सल तसंच कपाटात ठेवू नका. चार दिवसांत बुरशी, मग मला फोटो पाठवाल, "दादा, हे पांढरं काय?"

(पार्सल उचलतो.) हे कालच आलंय, तुमच्यासमोर उघडतो. बाहेरून अगदीच कळकट. काठावर राखेची पुटं. टॉर्च... थांबा. डावीकडे जाड, उजवीकडे पातळ, भोकाच्या तोंडाशी कोणाची तरी अर्धी जळलेली तंबाखू. बाहेर डाग नाही. काडी... टणक.

अस्सल घाण आहे, मंडळी! पैसे वसूल.