बर्फातली काठी

(दृश्य: गोव्यातल्या चोडण बेटावरचं खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली शेतजमीन. भरती चढतेय.)

भरतीचं पाणी वाढलं की मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणवाटेची, ही लाकडी दारं आपोआप मिटतात. ओहोटीला आतलं पाणीच त्यांना ढकलून उघडतं. पाणी कुठवर चढलं ते बाबा बांधाच्या दगडावर बघतात. लहानपणापासून मीही बघत आलेय.

(दृश्य: चंद्रा खोरं, हिमाचल प्रदेश.)

पदवीच्या तिसऱ्या वर्षाला, भूशास्त्राच्या क्षेत्रकार्यासाठी मी इथे आले, आणि हातात काय आलं? बांबूची काठी! वाफेच्या ड्रिलनं हिमनदीच्या बर्फात खोल भोक पाडायचं, काठी आत सोडायची, वर किती उरली ते लिहायचं. उन्हाळा सरला की पुन्हा मोजायचं. काठी मीटरभर जास्त उघडी पडली, तर तिथला मीटरभर बर्फ गेला. त्याचं पाणी केलं तर थर भरेल सुमारे ९० सेंटिमीटर. वरच्या अंगाला, जिथे हिम साठतं, तिथे खड्डे खणून त्याची घनता घ्यायची. जमा आणि खर्च समोरासमोर मांडले की हिमनदीचं वर्ष कसं गेलं ते कळतं. इथल्या छोटा शिग्री हिमनदीवर हा हिशेब २००२ पासून ठेवला जातोय.

मला सगळ्यात नवल वाटलं ते दगडमातीचं. बर्फावर धुळीचा पातळ थर असला तर तो ऊन शोषतो, बर्फ झरझर वितळतो. तोच थर जाड झाला की गोधडीसारखा बर्फ राखतो. म्हणून एका काठीवर विसंबायचं नाही.

गोव्याच्या मुलीला बर्फ कशाला, असं विचारतात. अहो, वास्कोच्या हेडलँड सड्यावरच राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. स्पितीतलं, ४,००० मीटरहून उंचावरचं ‘हिमांश’ हे संशोधन ठाणं त्यांचंच. १९८१ साली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीमही गोव्याहूनच निघाली.

(दृश्य: तांदी, दोन नद्यांचा संगम.)

इथे चंद्रेला भागा मिळते आणि चंद्रभागा होते. नाव ऐकून पंढरी आठवली, पण ही वेगळी. ही पुढे चिनाब होऊन सिंधूच्या पाण्यात मिसळते आणि अरबी समुद्र गाठते.

(दृश्य: पुन्हा खाजन.)

तोच समुद्र मांडवीतून आमच्या मानशीशी येतो. जगभरचा जमिनीवरचा बर्फ वितळून आणि तापलेलं पाणी फुगून तो चढतोय. कोरगुट भात खारेपणा सोसतं, पण बांध फुटला तर तेही हातचं जातं.

बाबांच्या दगडाशेजारी मी आता एक काठी रोवलीय. दर पुनवेला आणि अवसेला आम्ही दोघं भरतीची उंची वहीत लिहितो.