कुंथण्याचं माप कुणाचं धरायचं?

नमस्कार मंडळी, आजचा विषय ऐकून काहीजण आवाज कमी करतील, घरात पाहुणे असतील तर खुशाल करा, पण ऐका जरूर. बोलायचंय पोट साफ न होण्याबद्दल, आणि ज्यांचा ताबाच सुटतो, संडासपर्यंत पोचायच्या आत कपडे खराब होतात त्यांच्याबद्दलही. दोन्हीकडे गंमत अशी की दुर्बीण घालून बघितलं तरी बऱ्याचदा आतडं दिसायला ठणठणीत असतं, बिघडलेलं असतं ते त्याचं काम. ते काम तपासायच्या टेस्ट वेगळ्या, आणि खरा घोळ तिथेच आहे.

आता रोज झालं नाही की लोक घाबरतात, पण दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा एवढं सगळं नॉर्मलच धरतात. डॉक्टर विचारतात ते वेगळंच, कुंथावं लागतं का, खडे होतात का, झाल्यावरही काहीतरी राहिलंय असं वाटतं का, बोट घालून काढावं लागतं का? असे निदान दोन त्रास चारातल्या एका वेळेपेक्षा जास्त होत असतील तर ती बद्धकोष्ठता, असं 2016 सालचे रोम निकष, म्हणजे पोटाच्या अशा तक्रारींसाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या कसोट्या, म्हणतात.

पुढची पायरी मॅनोमेट्री. एक बारीक नळी गुदद्वारातून आत सरकवतात, तिच्यावरचे सेन्सर आतला दाब मोजतात. पेशंट डाव्या कुशीवर, मग आवळा, सोडा, खोका, आता जोर लावा. पण आवळायचं किती सेकंद, मध्ये थांबायचं किती, हे जो तो आपल्या पद्धतीने ठरवायचा, आणि मग एका लॅबमध्ये नॉर्मल आलेला माणूस दुसरीकडे आजारी ठरायचा! म्हणून वेगवेगळ्या देशांतले तज्ज्ञ एकत्र बसले आणि 2020 मध्ये लंडन वर्गीकरण आलं, ज्यात सगळं बांधून दिलंय. आधी तीन मिनिटं नुसतं पडून राहायचं, स्नायू शांत होऊ द्यायचे, मग एक मिनिट आरामातला दाब, मग पाच-पाच सेकंद तीनदा आवळणं, एकदा सलग तीस सेकंद, आणि पुढे पंधरा सेकंदांचा जोर, तोही तीनदा.

मला त्यातली एक गोष्ट फार पटली. कुशीवर पडून, नळी आत असताना, अनोळखी माणसांसमोर जोर लावा म्हटलं तर धडधाकट माणसाचेही स्नायू सैल व्हायच्या ऐवजी आवळले जातात, मग नुसत्या त्या आलेखावरून कुणाला आजारी कसं ठरवणार? म्हणून जोडीला बलून टेस्ट. छोटा फुगा आत ठेवून त्यात 50 मिली पाणी भरतात, कमोडवर बसवतात, एकटं सोडतात, आणि फुगा बाहेर टाकायला किती वेळ लागतो ते बघतात. स्नायूंचा ताळमेळ बिघडलाय असं म्हणायला दोन्हीकडे गडबड दिसायला हवी. पण इथेही कुणी मर्यादा एक मिनिटाची धरतं, कुणी पाचाची, त्यामुळे रिपोर्टवर नुसतं ‘फेल’ लिहिलेलं काही कामाचं नाही, किती वेळ दिला होता ते लिहिलेलं हवं.

दाबाच्या आकड्यांचंही तेच. बाई की पुरुष, वय किती, बाळंतपणं किती झाली, नळी कुठल्या कंपनीची, यावर नॉर्मल बदलतं, मग एका नळीचा आकडा दुसऱ्या नळीच्या तक्त्याशी लावून काय उपयोग? तुमची टेस्ट झाली असेल तर हे बिनधास्त विचारा, आणि दुसरीकडे जाताना जुना रिपोर्ट आलेखासकट न्या, नुसता निष्कर्षाचा कागद नको.

आणि हो, या सगळ्याच्या आधी डॉक्टरांनी ग्लोव्ह घालून बोटाने तपासायला हवं, आवळा म्हणायचं, जोर लावा म्हणायचं, सरावलेल्या बोटाला स्नायू कसे वागतात ते बरंच कळतं. मशीन लागत नाही, दोन मिनिटांचं काम, तरी पुष्कळ ठिकाणी ते टाळून थेट टेस्ट लिहून देतात, हे मला तरी अजिबात पटत नाही.