अर्थ एकच, मग शब्द दोन कशाला?

मित्रहो, इंग्रजी शिकणाऱ्यांना एक प्रश्न हमखास छळतो. ‘आस्क’ म्हणजे विचारणे, ‘क्वेश्चन’ म्हणजेही विचारणे आणि ‘इंटरॉगेट’ म्हणजेही तेच. मग एवढा पसारा कशासाठी? शब्दकोश उघडावा, तर एका शब्दाच्या अर्थात दुसरा शब्द दिलेला असतो आणि गोंधळ आणखी वाढतो. माझं म्हणणं असं, की नुसत्या अर्थाच्या ओळीवर थांबू नका. शब्द कोण वापरतं, कशाबद्दल वापरतं, त्याच्या शेजारी कोणते शब्द येतात, ते बघा.

हेच तीन शब्द घ्या. ‘आस्क’ जुन्या इंग्रजीतला. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि नंतर कित्येक पिढ्या दरबारात नि कायद्यात फ्रेंच चालली. ‘क्वेश्चन’ त्या फ्रेंचमधून आला. ‘इंटरॉगेट’ विद्वानांच्या लॅटिनमधला. त्या वाटांच्या खुणा आजही दिसतात. रस्ता विचारायचा तर ‘आस्क’, एखाद्याच्या दाव्यावर शंका घ्यायची तर ‘क्वेश्चन’, आणि पोलीस संशयिताला बसवून चौकशी करतात ते ‘इंटरॉगेट’.

पण मूळ सांगून सगळं सुटत नाही. ‘टॉल’ आणि ‘हाय’ हे दोन्ही जुन्या इंग्रजीतलेच, दोघांचाही अर्थ उंच. तरी माणूस ‘टॉल’, झाड ‘टॉल’, डोंगर मात्र ‘हाय’. खिडकीला हे दोन्ही शब्द लावून पाहा. ‘टॉल विंडो’ म्हणजे खिडकीच उभी, लांबट. ‘हाय विंडो’ म्हणजे जमिनीपासून वर बसवलेली. ती स्वतः वीतभर असली तरी चालेल. एकात वस्तूची उभी लांबी मोजली जाते, दुसऱ्यात तिची जागाही सांगता येते. एकाच वस्तूला दोन्ही शब्द लावून बघण्याची ही युक्ती मला कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त भरवशाची वाटते.

‘ॲक्युरेट’ आणि ‘प्रिसाइज’ यांना तीच युक्ती लावा. अंगाचं खरं तापमान ३७ अंश सेल्सिअस आहे. थर्मामीटर तीनदा लावला आणि त्याने ३८.४१, ३८.४२, ३८.४१ असे आकडे दाखवले. आकडे एकमेकांशी जुळतात, दशांशापर्यंत बारीक आहेत, म्हणून मोजमाप ‘प्रिसाइज’. पण खऱ्या तापमानापासून ते दूर आहे, म्हणून ‘ॲक्युरेट’ नाही. प्रयोगशाळेत हा फरक पुसला गेला, तर चुकीचा आकडा केवळ बारीक आहे म्हणून खरा मानला जाईल.

‘इम्प्लाय’ आणि ‘इन्फर’ यांचं कोडं त्यामानाने सोपं. बोलणारा सुचवतो तो ‘इम्प्लाय’ करतो, ऐकणारा त्यातून ताडतो तो ‘इन्फर’ करतो.

मला सर्वांत जवळची वाटणारी जोडी म्हणजे ‘अनइंटरेस्टेड’ आणि ‘डिसइंटरेस्टेड’. आज काळजीपूर्वक लिहिणारे लोक पहिला शब्द ‘रस नसलेला’ अशा अर्थी वापरतात आणि दुसरा ‘ज्याचा फायदा-तोटा गुंतलेला नाही’ अशा अर्थी. गंमत म्हणजे सतराव्या शतकात नेमकं उलट आढळतं: ‘डिसइंटरेस्टेड’ रस नसलेल्याला, तर ‘अनइंटरेस्टेड’ निःपक्षपाती माणसाला. म्हणजे शब्दांनी जागा बदलल्या, पण दोन जागा मात्र टिकल्या. ज्याला दोन वेगळ्या गोष्टी सांगायच्या असतात, तो समाज त्यासाठी दोन शब्द राखून ठेवतो, असं मला वाटतं.

सगळेच फरक असे भाषेच्या पोटातून आलेले नाहीत. ‘फ्यूअर’ आणि ‘लेस’ या दोघांचाही अर्थ कमी. मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘फ्यूअर’, न मोजता येणाऱ्यांना ‘लेस’, हा नियम घ्या. १७७० मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने आकड्यांसोबत आपल्याला ‘फ्यूअर’ अधिक बरा वाटतो असं लिहिलं, आणि एका माणसाची पसंती पुढे व्याकरणाचा नियम बनली. त्याआधी शतकानुशतकं ‘लेस’ मोजता येणाऱ्या वस्तूंनाही खुशाल लागत होता. अंतर आणि पैसे यांच्या बाबतीत तो आजही लागतो. परीक्षेत आणि छापील मजकुरात नियम जरूर पाळा. पण बोलताना कोणी ‘लेस पीपल’ म्हणालं, तर त्याला मध्येच थांबवू नका, कारण ऐकणाऱ्याला कळायचं ते कळलेलंच असतं. न्यायाधीश ‘अनइंटरेस्टेड’ होते असं कोणी म्हणालं, तर मात्र थांबवून विचारा, की ते निःपक्षपाती होते की त्यांचं खटल्याकडे लक्षच नव्हतं?