वेताळाची अंगठी आणि अठरा वर्षांची अट

नमस्कार श्रोतेहो.

परळच्या आमच्या चाळीत इंद्रजाल कॉमिक्सचा अंक आला की दिवसा तो आम्हा मुलांच्या हातात फिरायचा आणि रात्री माझ्या बाबांच्या. बाबा गिरणीत दुसऱ्या पाळीला होते. रात्री उशिरा घरी यायचे, हातपाय धुऊन जेवायचे आणि गॅलरीतल्या पिवळ्या दिव्याखाली वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, वाचत बसायचे. कुठवर वाचलं याची खूण म्हणून पानात काडेपेटीतली जळकी काडी ठेवायचे. सकाळी मी शाळेला निघाले की अंथरुणातूनच विचारायचे, "त्या चाच्यांचं पुढं काय झालं गं?" आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणायचे, "नको, सांगू नको."

इंद्रजालचा पहिला अंक मार्च 1964 मध्ये याच मुंबईतून निघाला. पुढे मराठीतही अंक येत राहिले आणि 1990 मध्ये ते बंद पडले. वेताळ मूळचा अमेरिकेतला. ली फॉक यांनी 1936 मध्ये वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीसाठी त्याला जन्माला घातलं. त्याच्या दोन अंगठ्या तुमच्यापैकी अनेकांना आठवत असतील. उजव्या हातातली कवटीची. तिचा ठसा गुंडाच्या जबड्यावर उमटला की उमटला, पुसायचा नाही. डाव्या हातातली अंगठी संरक्षणाची. ती खूण ज्याला मिळेल त्याच्या केसाला धक्का लागायचा नाही. आम्ही बॉलपेननं मुठीवर दोन्ही खुणा काढायचो. पण खरी मागणी होती डाव्या खुणेला. आमच्या मजल्यावरची एक मुलगी अंधाऱ्या जिन्यातून पाणी आणायला घाबरायची. तिच्या मनगटावर ती खूण मी रोज नव्यानं काढून द्यायची, कारण कळशी उचलताना ती पुसून जायची.

हे सगळं आज सांगायचं कारण एक मुलगा आहे. गेली बरीच वर्षं मी परळच्याच एका छोट्या वाचनालयात बालविभाग सांभाळते. तिथे येणारा हा मुलगा चौथीत आहे. त्याच्या दप्तरावर एका सुपरहिरोचा मुखवटा, डब्यावर तोच, पाण्याच्या बाटलीवर तोच. वडील सुरक्षारक्षक आहेत, रविवारची सुट्टी त्यांना महिन्यातून एकदा मिळते. त्या एका रविवारी दोघं आवरून लोअर परळला चित्रपट बघायला गेले आणि दारातूनच परत आले. प्रमाणपत्र 'ए' होतं. दारावरच्या माणसाचा काही दोष नव्हता, कायद्यानं त्याला अठराखालच्या मुलाला आत सोडताच येत नाही. सोमवारी मुलगा मला म्हणाला, "काकू, तो लहान मुलांचा नसतो का?"

मी त्याला म्हटलं, असतो. पण ते म्हणताना माझा आवाज पुरेसा ठाम नव्हता, आणि तेव्हापासून मी याच प्रश्नावर विचार करते आहे.

सुपरहिरोंच्या गोष्टी आता मोठ्यांसाठी असाव्यात, असं म्हणणारी बरीच मंडळी आहेत. त्यात माझे मित्रही आहेत. त्यांचं म्हणणं असं, की आम्ही यांच्यासोबत वाढलो, आता आम्ही चाळिशीचे झालो, तर आमच्या वीरांनीही आमच्यासोबत मोठं व्हावं. त्यांना आमच्यासारखे पराभव यावेत, राग यावा, रक्त दिसावं. या मागणीतलं प्रेम मला कळतं. तरी मला ती मान्य नाही.

मोठी माणसं सुरुवातीपासूनच हे वाचत होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या सामानात कॉमिक्स असायची. माझ्या बाबांची जळकी काडी त्याच जातीची. पण बाबांसाठी वेगळा वेताळ कुणी काढला नव्हता. माझाच अंक ते वाचायचे, आणि त्यात त्यांना काही कमी पडलं नाही.

पहिला सुपरमॅन कसा होता ते बघा. जून 1938 चा अंक, किंमत 10 सेंट. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलँडच्या दोन तरुणांची निर्मिती. त्या पहिल्याच गोष्टीत सुपरमॅन काय करतो? निरपराध बाईला देहदंड होणार असतो, तो थांबवायला रात्री गव्हर्नरच्या घरात घुसतो. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला पकडतो. एका सिनेटरला हाताशी धरून देशाला युद्धात ओढू पाहणाऱ्या दलालाच्या मागे लागतो. फाशी, नवऱ्याची मारहाण, युद्धाची दलाली. यातलं पोरकट काय आहे? आमच्या चाळीत नवऱ्याचा मार खाणारी बाई चार खोल्या सोडून राहत होती. आम्हा मुलांना भिंतीतून सगळं ऐकू यायचं. पण त्या माणसाचा हात धरणारं कुणीतरी असतं, हे आम्ही फक्त कॉमिक्समध्ये पाहिलं होतं.

विषय कितीही जड असला तरी तो मुलाला सोबत घेऊन सांगता येतो, असं माझं ठाम मत आहे. आपल्या कीर्तनात हेच होतं. पुढच्या सतरंजीवर पोरं, मागे म्हातारी माणसं, आणि बुवा मृत्यूवरही बोलतात, लोभावरही. पोरांना बाहेर जा म्हणत नाहीत.

याचं दुसरं उदाहरण 1971 सालचं. त्याआधी 1954 मध्ये अमेरिकेत कॉमिक्समुळे मुलं बिघडतात अशी ओरड झाली, सिनेटच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता लावून घेतली. मुखपृष्ठावर तिचा शिक्का नसेल तर विक्रेते अंक ठेवायला नाखूश असत. पुढे सरकारी आरोग्य खात्यानंच स्पायडरमॅनचे लेखक स्टॅन ली यांना अमली पदार्थांच्या धोक्यावर गोष्ट लिहायला सुचवलं. शिक्का देणाऱ्यांनी नकार दिला. म्हणून स्पायडरमॅनचे 96 ते 98 हे तीन अंक शिक्क्याविनाच छापले गेले आणि त्याच वर्षी ती संहिता सैल करावी लागली. त्या अंकांत नशेच्या आहारी जाणारा मुलगा पीटरचा, म्हणजे खुद्द स्पायडरमॅनचाच मित्र आहे. हा मजकूर मुलांच्या हातात द्यायला मोठ्यांना धीर लागला. मला हवा आहे तो हा धीर. रक्त वाढवायला धीर लागत नाही.

मग सगळं बदललं कशानं? पैशाचा मोठा हात आहे. अमेरिकेत कॉमिक्स आधी वर्तमानपत्रांच्या ठेल्यावर, औषधाच्या दुकानात मिळायची. सत्तरच्या दशकापासून ती हळूहळू खास कॉमिक्सच्या दुकानांत सरकली. तिथे येणारं गिऱ्हाईक वयानं मोठं, दर महिन्याला नेमानं घेणारं. प्रकाशक त्याच्यासाठी लिहू लागले. खाऊच्या पैशातून अंक घेणारं पोर त्या दुकानापर्यंत पोचेचना.

1986 मध्ये लेखक ॲलन मूर आणि चित्रकार डेव्ह गिबन्स यांची बारा अंकांची 'वॉचमेन' ही मालिका सुरू झाली, ती निखळ मोठ्यांसाठी. असे मुखवटेवाले खरोखर असते तर ते कसे असते, हा तिचा प्रश्न. ती मी दोनदा वाचली आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. पण मूर यांना आधी त्यांच्या प्रकाशकांनी दुसऱ्या प्रकाशनाकडून विकत घेतलेली जुनी पात्रं वापरायची होती. मालकांनी नको म्हटलं, कारण या गोष्टीनंतर ती पात्रं पुन्हा वापरण्याजोगी राहिली नसती. म्हणून नवी पात्रं घडवावी लागली. व्यवहारापोटी का होईना, झालं ते योग्यच झालं. मोठ्यांसाठी लिहा, जरूर लिहा, पण त्यासाठी आपली माणसं घडवा. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या आपल्या वडिलांची कहाणी आर्ट स्पीगलमन यांनी 'माउस'मध्ये उंदीर-मांजरं काढून सांगितली, तिला 1992 मध्ये अमेरिकेतलं मानाचं पुलित्झर पारितोषिक विशेष म्हणून मिळालं. त्यात कुणी आकाशात उडत नाही. चित्रकथा मोठ्यांची असू शकते, हे तिथे कधीच सिद्ध झालं आहे. त्यासाठी चौथीतल्या मुलाच्या दप्तरावरचा माणूस काढून घ्यायची गरज नाही.

आणि व्यापाराची गंमत, नव्हे, मला तो अन्यायच वाटतो, अशी की दप्तर, डबा, बाटली त्या पोरालाच विकायची आणि गोष्ट मात्र त्याच्या वडिलांना. आपल्याकडे आता चित्रपटांच्या यूए प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा वर्षं असे वयाचे तीन टप्पे झाले आहेत. ते पालकांसाठी मार्गदर्शन आहे, चांगलं आहे. पण कुणासाठी काय काढायचं, हे प्रमाणपत्राच्या फार आधी, लिहिणाऱ्याच्या टेबलावर ठरतं.

2004 मध्ये भारतीय स्पायडरमॅन आला, पवित्र प्रभाकर, मुंबईत राहणारा, धोतर नेसलेला. 2023 मध्ये तो पडद्यावर आला तेव्हा तो चित्रपट मराठीतही डब झाला होता. आमच्या बालविभागात तेव्हा आठवडाभर दुसरा विषय नव्हता. एकानं मला विचारलं, तो परळच्या पुलावरून उडी मारू शकेल का. मी म्हटलं, आधी ट्रॅफिक बघेल.

दप्तरवाल्या त्या मुलाला मी गेल्या शनिवारी कपाटावरची पत्र्याची पेटी उघडून दिली. किंग्ज सर्कलच्या पदपथावरून मी वर्षानुवर्षं गोळा केलेले इंद्रजालचे अंक आहेत त्यात. तो वाचत बसला. त्याला घ्यायला वडील आले, गणवेशातच होते, रात्रपाळीला निघालेले. मुलाच्या खांद्यावरून डोकावले आणि तसेच उभ्यानं वाचू लागले. मुलानं पान उलटायला हात उचलला तर म्हणाले, "थांब रे, माझं व्हायचंय."

तो अंक मी त्यांना घरी दिला. पिना गंजल्यात, पानं सुटी झालीत, एवढं मात्र बजावून.

नमस्कार.