मांडीतला रॉड कुठून आला

नमस्कार मंडळी. संयोजकांनी मला 'अपघात आणि अस्थिशल्यचिकित्सा' असा ऐसपैस विषय दिला आहे. हातात वेळ पाऊण तास. तेवढ्यात सगळं सांगायला गेलो तर काहीच सांगून होणार नाही. म्हणून एकच माणूस घेतो आणि त्यानं बनवलेली एक सळई घेतो. "मांडीत रॉड टाकलाय" हे वाक्य आज गावोगाव ऐकू येतं. इथंही दोन-चार रॉडवाले बसलेले असणार. तो रॉड ज्यानं आणला त्या जर्मन सर्जनचं नाव गेरहार्ट कुंचर.

आधी हे समजून घ्या की रॉड नव्हता तेव्हा काय होत होतं. मांडीचं हाड शरीरातलं सगळ्यात लांब आणि दणकट. ते मोडलं की भोवतीचे स्नायू दोन्ही तुकडे एकमेकांवर चढवतात, पाय आखूड होतो. मांडीच्या आत लिटर-दीड लिटर रक्त साठतं आणि बाहेर थेंबही दिसत नाही. यावर उपाय एकच: नडगीतून पिन आरपार घालायची, तिला दोरी बांधायची, कप्पीवरून वजन लटकवायचं आणि पेशंटला दोन-तीन महिने उताणं पाडून ठेवायचं. हाड बहुतेकदा जुळायचं, पण बाकीचा माणूस बिघडायचा. पाठीला जखमा, छातीत कफ, गुडघा आखडलेला, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी. म्हातारं माणूस मोडलेल्या हाडापेक्षा खाटेनंच जायचं. आणि घरातला कमावता गडी तीन महिने पडून राहिला की घराचं काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

कुंचरचा जन्म 1900 सालचा, सॅक्सनीतल्या त्स्विकाऊचा. 1930 पासून तो उत्तरेकडच्या कील शहरात विद्यापीठाच्या रुग्णालयात होता. बॉस्टनच्या स्मिथ-पीटरसननं खुब्याच्या मोडीसाठी तीन पात्यांचा खिळा काढला होता, तो तेव्हा नावाजला जात होता. कुंचरनं विचार केला, खुब्यात खिळा चालतो, तर मांडीच्या हाडाला वरपासून खालपर्यंत पोकळी आहेच की, तिच्यात लांब सळई का नाही? कुत्र्यांवर प्रयोग केले, मृतदेहांवर हात बसवला. एर्न्स्ट पोल नावाचा कीलचाच हुशार यंत्रकार जोडीला मिळाला. सर्जनला असा माणूस भेटणं हे मोठं भाग्य. आमची निम्मी अक्कल हत्यारं बनवणाऱ्यांची असते, पण नाव आमचं होतं. पोलनं स्टेनलेस स्टीलची सळई केली, आडवा छेद इंग्रजी 'व्ही'सारखा. ठोकताना ती किंचित दबायची आणि आत गेल्यावर फुलून हाडाला घट्ट धरायची. नोव्हेंबर 1939 मध्ये ती पहिल्यांदा पेशंटच्या मांडीत गेली.

मार्च 1940 मध्ये बर्लिनच्या शल्यचिकित्सक परिषदेत त्यानं हे मांडलं आणि ज्येष्ठांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. एवढी परकी धातूची वस्तू आत? हाडाच्या पोकळीतली मज्जा चिरडली तर हाड जगेल कसं? मज्जेतली चरबी रक्तात उतरून फुप्फुसात अडकली तर? यातली शेवटची भीती खोटी नव्हती. आजही मांडीच्या मोडीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशंट बरळायला लागला, धाप लागली, तर आमच्या डोक्यात पहिला विचार त्याच चरबीचा येतो. पण मज्जेबद्दल ज्येष्ठ चुकले. हाडाच्या भिंतीला आतल्या बाजूनं मज्जेतून रक्त मिळतं, बाहेरच्या बाजूनं वरच्या पातळ आवरणातून. आतला पुरवठा तुटला की काही दिवसांत बाहेरचा ते काम अंगावर घेतो. हाड काही निर्जीव वासा नाही, हे त्या विरोधात विसरलं गेलं होतं.

मग युद्ध. कुंचरला जर्मन सैन्यानं फिनलंडच्या उत्तरेला केमीच्या लष्करी रुग्णालयात पाठवलं आणि फिनिश सर्जन त्याच्याकडून ही विद्या शिकले. दुसरीकडे जर्मनांच्या कैदेतून सुटलेले अमेरिकन सैनिक मायदेशी पोचले. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला तर मांडीत हातभर लांबीची सळई! मार्च 1945 मध्ये 'टाइम' साप्ताहिकानं या अचंब्याची बातमी छापली. शोधनिबंध सीमेवर अडकले होते. पुरावा पेशंट स्वतःच्या पायात घेऊन गेले. नाझी काळातलं वैद्यक म्हटलं की अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. ही सळई त्याच काळातली आहे, हे मी लपवत नाही.

माझ्या मते कुंचरचं खरं मोठेपण सळईत नाही, ती घालण्याच्या रीतीत आहे. त्याचा आग्रह असा की मोड उघडायचीच नाही. मोडीभोवती साठलेल्या रक्तातूनच नवं हाड धरायला सुरुवात होते; तिथं सुरी घातली की ती सुरुवात पुसली जाते. म्हणून शिरायचं लांबून. आजही आम्ही तेच करतो. पेशंटचा पाय टेबलावर ओढून बांधलेला असतो, आमच्या अंगावर शिशाचे जड एप्रन. खुब्याच्या वर छोटी चीर. ऑल नावाच्या टोकदार हत्यारानं, चांभाराची आरीच म्हणा, हाडाच्या टोकाला भोक पाडायचं. त्यातून बारीक गाईड वायर खाली सरकवायची. मोडीपाशी वायर अडते. मग एक जण पाय फिरवतो, एक जण मांडी वर उचलतो, सी-आर्मच्या, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर सगळ्यांचे डोळे. आणि अचानक वायर पलीकडच्या तुकड्यात सुळकन उतरते. इतक्या वर्षांनंतरही त्या क्षणी थिएटरमध्ये कुणीतरी "गेली!" म्हणतंच. त्यानंतर रीमरनं पोकळी अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरनं रुंदावायची आणि रॉड सोडायचा.

जुनी सळई फिरायची, तुकडे-तुकडे झालेल्या हाडात पाय आखूडही व्हायचा. कुंचरनं 1968 च्या सुमारास सळई हाडाला जखडणाऱ्या आडव्या स्क्रूंची कल्पना मांडली. पुढे क्लेम आणि शेलमान यांनी आणि स्ट्रासबुर्गच्या ग्रोस-केम्फ जोडीनं ती पक्की केली. 1972 मध्ये कुंचर गेला. त्याचा रॉड किती चालतो हे पाहायचं तर 1984 मध्ये सिएटलच्या विनक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी छापलेले 520 मोडींचे निकाल बघा: 99.1 टक्के जुळल्या. 1989 मध्ये डॅलसच्या बोन आणि सहकाऱ्यांनी 178 पेशंटांवर दाखवलं की पहिल्या 24 तासांत मांडी स्थिर केली तर, विशेषतः अनेक जखमा असलेल्यांना, फुप्फुसाचा त्रास कमी होतो. म्हणून आम्ही घाई करतो. नातेवाइकांना वाटतं, डॉक्टरला बिलाची घाई.

आता हे सगळं सी-आर्मवर चालतं, आणि सी-आर्म जिथं नाही तिथं काय? अमेरिकेतल्या लुईस झर्कल या सर्जननं 1999 मध्ये 'साइन' ही संस्था काढली. त्यांचा रॉड बाहेरून लावलेल्या मापपट्टीच्या आधारानं, रॉडमधलं भोक हाताला जाणवलं की स्क्रू बसवायचा, असा आहे. सी-आर्म नसलेल्या ऑपरेशन थिएटरसाठीच तो बनवला आहे. मला ही बातमी नव्या टायटॅनियम मॉडेलपेक्षा मोठी वाटते.

चिठ्ठीत दोन प्रश्न आलेत. पहिला: रॉड तुटला तर कंपनी खोटी का? सहसा नाही. हाड जुळेपर्यंत रॉडनं भार घ्यायचा, नंतर हाडानं. हाड जुळायला उशीर झाला की धातू पावलागणिक थकतो आणि शेवटी तुटतो. तुटलेल्या रॉडचा अर्थ बहुतेकदा न जुळलेलं हाड. तंबाखू-विडीवाल्यांचं हाड उशिरा जुळतं, हे इथं सांगून ठेवतो. पायाचं सूप किती प्यालात त्यानं फारसा फरक पडत नाही.

दुसरा: रॉड काढायचा का? मोठ्या माणसात टोचत नसेल, दुखत नसेल तर राहू द्या. काढायचाच असेल तर हाड पूर्ण जुळल्यावर, साधारण दीड-दोन वर्षांनी, आणि काढल्यावर काही आठवडे धावपळ, उड्या बंद. एमआरआयची वेळ आली तर तंत्रज्ञाला आधी सांगा, ऑपरेशनचा कागद सोबत न्या.